तीन चिमटी तंबाखू

माणसाला व्यसन लागते ते बहुधा वाईट संगतीने. मला लागले ते मामांच्या संगतीने. आणि मामांइतका सज्जन माणूस आमच्या साऱ्या गोतावळ्यात दुसरा नाही!

मामांचे आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत गेले. निवृत्त होऊन ते रत्नागिरीजवळच्या आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांच्या पेटीत ना सोने होते ना घड्याळे. होते चार पाइप आणि तंबाखूचे डझनभर डबे. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो, की संध्याकाळी ते झोपाळ्यावर बसून पाइप भरीत आणि मी त्यांच्या बंदराबंदरांच्या गोष्टी ऐकत बसे.

एके संध्याकाळी त्यांनी तीन डबे माझ्यापुढे मांडले.

"अरे, तू कादंबऱ्या लिहितोस ना? मग नुसते डोळेच काय वापरतोस? नाक वापर."

पहिल्या डब्यात व्हर्जिनिया होती. सोनेरी पिवळी, अंगचीच गोड. उन्हात वाळलेल्या गवताच्या गंजीत तोंड खुपसावे, तसा तिचा वास. दुसरी लटाकिया. सीरियातल्या एका बंदराचे नाव मिरवणारी, सुगंधी लाकडांच्या धुरीवर वाळवून काळीभोर केलेली. तिचा वास घेताच मला आजोळची न्हाणीघरातली चूल आठवली. तिसरी पेरीक. अमेरिकेतल्या लुइझियानाची ही तंबाखू लाकडी पिंपांत दाबाखाली भरून तिच्याच रसात महिनोन्‌महिने मुरवतात. आमसुलांच्या जुन्या बरणीचे झाकण काढावे, तसा आंबटगोड दर्प आला.

"ही तिसरी म्हणजे मिरी समज," मामा म्हणाले. "भाजीत घालतात, नुसती मिऱ्यांची भाजी कोणी करीत नाही."

मग पाइप भरण्याचा धडा झाला. पाइपवाल्यांची एक जुनी म्हण आहे. पहिली चिमूट बाळाच्या हाताने भरावी, दुसरी बाईच्या हाताने आणि तिसरी पुरुषाच्या हाताने. म्हणजे तळाशी सैल, मध्ये जरा घट्ट, वर चांगली दाबून. माझ्या तिन्ही चिमटी मास्तरांच्या हाताने पडल्या आणि पाइप पाच वेळा विझला. मी चिडून भसाभस ओढू लागलो, तर जीभ भाजली. मामा हसले. "ओढायचा नाही रे, चाखायचा! धूर तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. घाई करणाऱ्याला पाइप चावतो."

हळूहळू जमले. त्यात मामांनी हवानाची एक गोष्ट सांगितली आणि माझ्यातला कादंबरीकार पुरता विरघळला. क्यूबातल्या चिरूटांच्या कारखान्यांत १८६५ सालापासून एक रीत आहे. कामगार रांगेने बसून पाने वळतात आणि उंच आसनावर बसलेला एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. पूर्वी त्या वाचणाऱ्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांना इतकी आवडे, की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाला माँटेक्रिस्टो हेच नाव मिळाले, असे म्हणतात. माझ्या कादंबरीचे नाव अजून साध्या विडीलाही कोणी दिलेले नाही!

सुटी संपली. मामांनी दिलेला एक पाइप आणि लटाकियाचा डबा घेऊन मी घरी आलो. सौ.ने नाक मुरडले. मुलांनी खिडक्या उघडल्या. मी मात्र स्वतःची समजूत घातली, की हे व्यसन नव्हे, ही रसिकता आहे.

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, असे ती सांगते. अक्षर चांगले म्हणून ती मीच रंगवली आहे.

दिवाळीच्या सुटीआधी सातवीच्या मुलांना मी 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध घातला. घरी वह्या तपासताना एका मुलाच्या ओळींवर तांबड्या शाईचे पेन थबकले. त्याने लिहिले होते, "सरांच्या शर्टाला गोड वास येतो. माझ्या बाबांच्या तंबाखूला घाण वास येतो. मी मोठा झाल्यावर सरांसारखी चांगली तंबाखू ओढीन."

या मुलाचे वडील मच्छीमार होडीवर जातात आणि तळहातावर चुना-तंबाखू मळतात. पालकसभेत मी त्यांना त्यावरून चारचौघांत सुनावले होते. बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले होते. धूर गिळला नाही म्हणून पाइपवाल्याचे तोंड काही सुटत नाही. कर्करोग डब्यावरचे नाव वाचून घर निवडीत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच! पण त्यांच्या तंबाखूला मी व्यसन म्हटले आणि माझ्या तंबाखूला आस्वाद. हवानातल्या त्या वाचणाऱ्यासारखा मीही रोज चाळीस जणांसमोर उभा राहतो. फरक इतकाच, की माझी पोरे पुस्तकापेक्षा मलाच अधिक वाचतात.

निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी दहांपैकी नऊ गुण दिले. शेरा मात्र सुचला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सारे सांगून टाकले, आणि संध्याकाळी बंदरावर जाऊन त्या मुलाच्या वडिलांची क्षमा मागितली. ते संकोचून म्हणाले, "राहू द्या हो, गुरुजी. तुम्ही सोडलीत तर मी पण बघतो."

पाइप मी मामांना परत केला. हकीकत ऐकून ते बराच वेळ झोपाळ्यावर गप्प बसले. मग म्हणाले, "माझी या वयात सुटेल असे वाटत नाही. पण तुला शिकवायला नको होती."

डबा मात्र घरीच राहिला. सौ.ने तो चार वेळा घासून, उन्हात वाळवून त्यात वेलदोडे भरले. परवा दिवाळीचा फराळ घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी करंजीचा एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, क्षणभर घोळवला आणि हलकेच म्हणाले,

"लटाकिया!"