अब्बांची खुर्ची

अब्बा गेल्यावर त्यांची गादीची खुर्ची अम्मीने जागची हलवू दिली नाही. नेमकी तिच्याच पाठीवर आमची मन्नो नखं चालवायची. मी ओरडले, पाणी शिंपडलं. मी शाळेत गेले की पुन्हा तेच! शेवटी अम्मी म्हणाली, "एक तर खुर्ची राहील, नाहीतर तुझी मांजर."

वागण्यामागची गरज शोधा, हे बी.एड.ला शिकले, वर्गात पाळते, घरी विसरले. मांजर नखांवरचं जुनं टरफल काढते, अंग ताणते, पंजांचा वास ठेवून जागा आपली करते. ही खोडी नव्हेच. सुताराकडून तीन फुटी खांब करून घेतला, जड फळीवर ठोकलेला, कारण डुगडुगणाऱ्या खांबाला मांजर हात लावत नाही. त्याला सुंभ घट्ट गुंडाळला. आधी कोपऱ्यात ठेवला, तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग खुर्चीला लागूनच ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. आठ-दहा दिवसांत सुंभाचे धागे निघू लागले.

खुर्चीचं फाटलेलं कापड बदलू का, विचारलं.

"राहू दे," अम्मी म्हणाली, "वर चादर टाक. टेप मात्र काढू नकोस."