नाव पुसले तरी

वस्तू हरवली की माणूस ती शोधतो. परंतु जागाच हरवली तर शोधायची कुठे? संगणकांच्या डागडुजीच्या धंद्यात हा प्रश्न मला वरचेवर भेटतो.

आमच्या परंड्याहून पूर्वी बरेच काही गेले आहे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ येथल्या किल्ल्यात होती. १६३२ च्या सुमारास आदिलशाहीने ती विजापूरला नेली. पन्नास टनांहून जड धूड, पण ते कुठे गेले याची नोंद तरी आहे. येथल्या एका शाळेच्या कचेरीतली जागा मात्र नोंदीवाचून जात होती.

कचेरीतल्या सर्व टेबलांच्या फायली एकाच सर्व्हरवर. त्यातच जुन्या जनरल रजिस्टरांची छायाचित्रे. काही पाने १९४८ पूर्वीच्या निजामी अमलातली, उर्दूत. एक टेराबाइटची डिस्क भरून गेली. संगणक तिला ९३१ गिगाबाइट म्हणतो, यात लबाडी नाही. कारखानदार १,००० ने मोजतो, संगणक १,०२४ ने. पाच टक्के जागा यंत्रणा अडीनडीला राखते, तीही वजा केली. फायली भरल्या अवघ्या ६००. उरलेले पावणेतीनशेहून अधिक खाल्ले कोणी?

जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे पुसून टाकावीत, असे ठरत आले होते.

“अहो, मूळ पानांचा भुगा व्हायला लागलाय,” कचेरीतले भाऊसाहेब म्हणाले. “उद्या कुणाचा नातू दाखल्यासाठी आजोबाची नोंद मागायला आला, तर काय दाखवू त्याला?”

मी दोन साक्षीदार उभे केले. ‘डीयू’ ही आज्ञा घरोघर हिंडून, नावे वाचून बेरीज करते. ‘डीएफ’ थेट डिस्कच्या खातेवहीला विचारते. दोघांची साक्ष जुळेना. म्हणजे जागा अडवणाऱ्याचे नाव यादीतच नसावे. ‘एलएसओएफ’ने तो पकडून दिला. बॅकअपचा प्रोग्राम बारीकसारीक गोष्टींचा रोजनामा लिहीत असे. तो फुगला म्हणून कोणीतरी पुसला होता. परंतु लिनक्समध्ये पुसणे म्हणजे नुसते नाव खोडणे. प्रोग्रामने फाइल उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. बापडा प्रोग्राम त्या बिननावाच्या वहीत लिहीतच राहिला होता!

तो बंद करून पुन्हा चालू केला. क्षणात जागा मोकळी झाली. रजिस्टरे राहिली, आणि भाऊसाहेबांनी चहा मागवला.

जागा अपुरी पडली की आपला हात आधी जुन्यावर पडतो. जुने निमूट असते, नावानिशी समोर असते, तक्रार करीत नाही. खरा खाणारा बहुधा आजचाच असतो आणि डोळ्यांआड असतो. दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावर चढणाऱ्या वाचकांना म्हणूनच माझे एवढे सांगणे आहे: आजोबांची ट्रंक मोडीत काढण्याआधी, बाकीचा माळा कोणी अडवला आहे ते एकदा पाहून घ्यावे.