कल्हई की डाग?

‘‘हे कुणाचे केस घालून आलीस गं?’’

आजीनं असं विचारलं तेव्हा हसावं की रडावं, मला कळेना. केस माझेच होते. माझ्याच डोक्यावर, चांगले कमरेपर्यंत. फक्त चार दिवसांपूर्वी मी ते ‘ॲश ब्राऊन’ करून घेतले होते. दोनदा ब्लीच, वर कलर आणि अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकं बिल! कायमची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, त्याचं हे सेलिब्रेशन. जुन्या ऑफिसात चाललं नसतं असं काहीतरी करायचं होतं ना!

फोटोत केस झकास दिसत होते. पण आजी फोटो बघत नाही. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेकडेचं धूसर दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. माणसं ती आवाजावरून आणि हातांवरून ओळखते. आणि मला, केसांवरून. दर रविवारी सकाळी मी कर्वेनगरहून स्कूटर काढून कसबा पेठेत तिच्याकडे जाते. ती मला पुढ्यात बसवते, तेल लावते आणि वेणी घालते. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी! मैत्रिणी हसतात. हसू देत. आठवड्यातला तोच एक तास असा असतो, की माझा फोन पर्समध्ये पडलेला असतो आणि मला त्याची आठवणही येत नाही.

त्या रविवारी वेणी झालीच नाही. आजीची फणी अर्ध्यात अडकली. तिनं बोटांनी गुंता सोडवायचा प्रयत्न केला, तर केस ताणले जाऊन तटकन तुटले. ‘‘काथ्या झालाय नुसता,’’ ती म्हणाली आणि तुटलेला पुंजका बराच वेळ चाचपत राहिली. मी ‘जरा ड्राय झालेत गं’ असं काहीतरी पुटपुटले, डेडलाइनचं कारण काढलं आणि सटकले.

पुढचे पाच रविवार मी गेलेच नाही. मला केस ‘रिपेअर’ करूनच तिच्यासमोर जायचं होतं.

आता केस रिपेअर करायचे म्हटल्यावर आजकाल कुणीही एकच सल्ला देतं. बॉन्ड बिल्डर घे! मीही घेतला. इवलीशी बाटली, किंमत दोन हजारांच्या वर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हा काही रिव्ह्यू नाही. पण पैसे मोजल्यावर माझ्यातली पत्रकार जागी झाली. (आधी का झाली नाही, असं विचारू नका.) हा ‘बॉन्ड’ म्हणजे नक्की असतो काय?

तर मंडळी, पाच मिनिटांचा केमिस्ट्रीचा तास. आपला केस म्हणजे केराटिन नावाचं प्रोटीन. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना तीन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. पहिला हायड्रोजन बंध. हा भलताच हळवा. पाणी लागलं की सुटतो, वाळलं की पुन्हा जुळतो. म्हणून तर आपण तासभर खपून केलेला ब्लो ड्राय पुण्याच्या पहिल्या पावसात संपतो! दुसरा क्षारबंध, तो आम्ल-अल्कलीच्या फरकानं सैल होतो. आणि तिसरा, सगळ्यात दणकट, डायसल्फाइड बंध. दोन साखळ्यांमधले गंधकाचे अणू एकमेकांचा हात धरतात तो हा. शिडीच्या दोन बाजू म्हणजे केराटिन, तर हे बंध म्हणजे पायऱ्या. केसांची ताकद मुख्यतः यांच्यातच.

ब्लीच करताना पार्लरवाली पावडरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड कालवते. ते केसात शिरून काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, फोडतं. पण त्याला रंग कोणता आणि पायरी कोणती हे थोडंच कळतं? ते पायऱ्याही मोडतं. त्यातल्या बऱ्याच अशा मोडतात, की गंधकाचं रूपच बदलून जातं आणि ते दोन हात पुन्हा एकमेकांना धरू शकत नाहीत.

गंमत म्हणजे या बंधांशी खेळणं आपल्याला नवीन नाही. माझ्या आतेबहिणीनं 2006 मध्ये लग्नाआधी हौसेनं ‘रीबॉन्डिंग’ केलं होतं, आठवतंय? तेव्हा प्रत्येक दुसऱ्या नवरीचे केस इस्त्री केल्यासारखे असायचे. त्यात आधी एका क्रीमनं हेच डायसल्फाइड बंध तोडायचे, केस इस्त्रीनं सरळ करायचे, आणि मग न्यूट्रलायझर लावून त्या नव्या आकारात बंध पुन्हा जोडायचे. नावात बॉन्डिंग, पण सुरुवात तोडण्यापासून! आणि तोडलेले सगळेच्या सगळे काही पुन्हा जुळत नाहीत. ताईची टोकं पुढची दोन वर्षं झाडूसारखी होती.

तोडण्याच्या या धंद्यात जोडण्याची भाषा आणली ती ओलाप्लेक्सनं, 2014 मध्ये. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा विद्यापीठातले क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली हे त्यामागचे केमिस्ट. केसांचे डॉक्टर नाहीत हं, मटेरियल्सवाले! त्यांच्या रेणूचं नाव बिस-ॲमिनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमॅलिएट. (एका दमात म्हणून दाखवा!) कल्पना अशी, की या रेणूची दोन टोकं मोडक्या पायरीच्या दोन बाजूंना चिकटणार आणि मधे पूल बांधणार. मग रांगच लागली. कुणी सायट्रिक ॲसिड घेतलं, म्हणजे आपल्या लिंबातलं आम्ल. 2020 मध्ये आलेल्या के-18 नं पेप्टाइड आणलं, म्हणजे प्रोटीनचाच छोटा तुकडा.

यातलं खरं किती? बाटलीवर जितक्या ठामपणे ‘बंध पुन्हा बांधतो’ असं लिहिलेलं असतं, तितकं प्रकरण सरळ नाही. प्रयोगशाळेत अशा उत्पादनांनी केस तुटणं कमी होतं, असं दिसलंय. पण ते डायसल्फाइडच्या जागी पक्का पूल बांधल्यामुळे, की केसाचं आम्लपण वाढून ते दुसरे, हलके बंध घट्ट झाल्यामुळे, यावर रसायनवाल्यांचं एकमत नाही. फायदा होतो, हे खरं. कायमचा होतो, हे मात्र खरं नाही. म्हणून तर बाटली पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

मी इमानेइतबारे लावली. आठवड्यातून एकदा, ओल्या केसांना, दहा मिनिटांच्या वर ठेवून, मग शाम्पू. तिसऱ्या आठवड्यात फरक कळायला लागला. आधी ओला केस ओढला की च्युइंगगमसारखा लांबायचा आणि तुटायचा. आता थोडा ताणला की परत जागेवर यायचा. विंचरताना बेसिनमध्ये पडणारे तुकडे निम्म्यावर आले. पण शेवटची वीतभर टोकं? काथ्या ती काथ्याच!

पाचव्या आठवड्यात आजीचा फोन आला. केसांबद्दल एक शब्द नाही. ‘‘घंगाळ गळतंय. आणि पितळी पातेल्याची कल्हई गेलीय. तांबट आळीत नेऊन दे. तुला वेळ असेल तर हो!’’ हे शेवटचं वाक्य आजी लोक कसं म्हणतात, ते तुम्हाला माहीतच आहे. गेले.

तांबट आळी आजीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पेशवाईपासून इथं तांब्याची भांडी घडतात. लहानपणी दुपारी झोपताना मठारकामाचा तो ठक ठक आवाज कानावर यायचा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत जायचं. त्यानं भांड्यावर नक्षी उमटते आणि पत्रा कडकही होतो. आता आवाज बराच कमी झालाय, पण आहे.

तिथल्या काकांनी दोन्ही भांडी उलटसुलट करून पाहिली. ‘‘पातेल्याला कल्हई करून देतो. घंगाळाला डाग द्यावा लागेल.’’

‘‘दोन्हीत फरक काय, काका?’’

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, की या मुलीला कॉलेजात काय शिकवलं! ‘‘कल्हई म्हणजे आतून कथलाचा हात. भांडं चकचकीत होतं, आंबट ठेवलं तर कळकत नाही. पण तिनं भोक बुजत नाही. डाग म्हणजे फट जोडायची.’’ मग घंगाळाच्या बुडावर नख मारून म्हणाले, ‘‘इथं मात्र डागही धरायचा नाही. पत्राच झिजून गेलाय. डाग कशाला धरणार? तेवढं कापायचं आणि नवा पत्रा बसवायचा.’’

मी तिथल्या तिथे हसले. पाच आठवडे वाचून जे डोक्यात नीट बसत नव्हतं, ते काकांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं. कंडिशनर आणि सीरम म्हणजे कल्हई. सिलिकॉनचा पातळ थर, वरून चमक, गुंता कमी, पण आतली मोडतोड तशीच. बॉन्ड बिल्डर म्हणजे डाग. फट असेल तिथे जोडतो, पण धरायला काहीतरी उरलेलं हवं. आणि माझी टोकं म्हणजे ते बूड. तिथे पत्राच नव्हता! फरक एवढाच, की घंगाळाला नवा पत्रा बसवता येतो, केसाला खालून नाही. तो वरूनच यावा लागतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. केस म्हणजे मेलेली वस्तू, तो जखमेसारखा भरून येत नाही. मुळाशी जे नवं उगवतं, तेवढंच जिवंत कारखान्यातून आलेलं.

म्हणूनच, केस मधूनच तुटत नसतील तर मुळापासून गळत असतील तर ही बाटली काहीही करणार नाही. डेंगीसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी, लोह कमी झाल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर केस गळतात. तिथे त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्त तपासा. पार्लर नको.

काकांकडून निघाले ती थेट आजीकडे. पुढ्यात जाऊन बसले आणि सांगून टाकलं. ब्लीच, बिल, बाटली, सगळं. पाच रविवार का आले नाही, तेही.

आजीनं काही न बोलता केसांत बोटं घातली. मुळाशी जेमतेम दीडेक सेंटिमीटर नवे केस आले होते. तिथे तिची बोटं थांबली. ‘‘इथं तर तूच आहेस,’’ ती म्हणाली. मग हात खाली खाली सरकवत टोकांपर्यंत गेली. ‘‘हे खालचं कापून टाक. आणि रविवार चुकवत जाऊ नकोस. मला कमी दिसतं गं, पण वार कळतात.’’

मला खरंच तोंड वर करवेना. ज्या बाईला माझे केस कसे दिसतात याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, तिच्यापासून मी दिसण्यासाठी लपून बसले होते!

दुसऱ्याच दिवशी वीतभरापेक्षा जास्त केस कापले. खांद्याच्या जरा खाली आले. बाटली फेकली नाही. उरलेल्या केसांवर अजून ब्लीच आहे आणि तिथे डाग धरतोय. रविवारची आम्ही तडजोड केलीय. एका रविवारी आजीचं खोबरेल, दुसऱ्या रविवारी बाटली. दोन्ही एकदम नाही, कारण तेलकट केसात बाटलीतलं औषध नीट शिरत नाही.

आणि हो, त्या खोबरेलाला हसू नका. 2003 मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावलं, तर केसांतलं प्रोटीन वाहून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलानं. ब्लीच केलेल्या केसांतही! खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. आता मॅरिको खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच हे वाचायचं. पण पुढेही इतरांना तेल आत शिरताना दिसलंय. तेल तुटलेलं जोडत नाही. असलेलं जाऊ देत नाही, एवढंच.

आजीला मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती वेणीला रबर लावत म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, कुणीतरी शोध लावला.’’

घंगाळ परत आलंय. बुडाला नवा पत्रा, जुन्यापेक्षा लालबुंद, जोड स्पष्ट दिसतो. माझ्याही केसांत तो दिसतो. वर काळं, खाली ॲश ब्राऊन. मैत्रिणी म्हणतात, रूट टचअप करून घे. मी म्हणते, राहू दे. पाणी गळत नाहीये ना?