यंत्रानं विचारपूस करावी

नागपूर

चि. सोनूस,


सायफाय सिनेमा हे हॉलिवूडच्या पैशाचंच काम, असं तू फोनवर म्हणालीस. मला ते पटलं नाही, म्हणून लिहितेय. आरती कडवचा ‘कार्गो’ बघ. ती आपल्या नागपूरची. आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर शिकली, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी केली आणि मग सिनेमाकडे वळली. २०१९ मध्ये मुंबईच्या ‘मामी’ महोत्सवात ‘कार्गो’ दाखवला गेला, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

‘पुष्पक ६३४ ए’ या अंतराळयानावर मेलेली माणसं येऊन पोचतात. तीच कार्गो. विक्रांत मेसीचा प्रहस्त हा राक्षस, पण काम कारकुनाचं. आलेल्याचं सामान काढून घ्यायचं, शरीराची इजा बरी करायची, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला रवाना करायचं. जमिनीवरून त्याच्याशी बोलणारे वरिष्ठ म्हणजे आपले नंदू माधव.

जे शरीर मागेच राहणार, ते आधी बरं कशाला करायचं? मला सगळ्यात भिडलं ते हेच. ‘मॅट्रिक्स’मध्ये (१९९९) यंत्रं माणसाच्या शरीराची बॅटरी करतात. इथे यंत्र त्याची विचारपूस करतं.

तुला ठाऊक आहे, माझा दिवस एमआरआयच्या दाराशी जातो. आत जाण्याआधी घड्याळ, अंगठी, कवळी, सगळं काढून ठेवावं लागतं. मंगळसूत्राशी आल्यावर बायका थबकतात. एखादी ते नवऱ्याच्या मुठीत देते, त्याची मूठ स्वतः मिटवते, मगच आत येते. नंतर पडद्यावर मला तिचा मणका दिसतो, मेंदू दिसतो. ती मिटवलेली मूठ कुठल्याच चित्रात येत नाही. ‘कार्गो’तली माणसं आपलं सामान सोडतात तेव्हा मला या बायका आठवतात. यंत्राला जे दिसत नाही, तेही खरंच असतं ना गं?

आणि पैशाचं म्हणशील, तर लॉकडाऊनमध्ये याच आरतीनं ‘५५ किमी/सेकंद’ हा लघुपट केला. पृथ्वीवर उल्का आदळणार आहे आणि माणसं आपापल्या घरातून व्हिडिओ कॉलवर बोलताहेत, एवढंच.

तुझ्या डोक्यात घोळणारी ती कृत्रिम हाताची गोष्ट आता लिहायला घे. कच्चा खर्डा पाठव. दवाखान्यातलं काय कसं चालतं, ते मी सांगेन.

तुझी,
मावशी