आधी नर-मादी, मग कळप

कोंबड्यांच्या जोडीला टर्की पाळू पाहणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. कळप किती वाढवायचा हे पिल्ले विकत घेताना ठरवू नका. ती चार-पाच महिन्यांची होऊ द्या, त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती हे खात्रीने कळू द्या आणि मग ठरवा. परसातला कळप पक्ष्यांच्या एकूण संख्येवर वाढत नाही, माद्यांच्या संख्येवर वाढतो. टर्कीची मादी साधारण तिसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते आणि वर्षाला साठ ते शंभर अंडी देते. अशा पाच माद्यांना मध्यम जातीचा एक नर पुरतो. कोंबड्यांत नर जास्त निघाले तर फारसे बिघडत नाही, आषाढात ते सहज खपतात. टर्कीचा नर मात्र मादीपेक्षा बराच मोठा होतो आणि त्याच प्रमाणात खातो. वयात आल्यावर तो दुसऱ्या नरांशी झुंजतो, आणि नर जास्त झाले की वारंवारच्या चढण्याने माद्यांच्या पाठी नखांनी सोलून निघतात. म्हणून नर-मादी ओळखणे हे हौशी माणसाचे कुतूहल आहे असे मी मानत नाही. दाणा, जागा आणि पुढच्या वर्षीची अंडी यांचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो.

‘दहा पिल्ले आणली की पाच नर, पाच माद्या’ असे गृहीत धरून खुराडे बांधणारे पुष्कळ असतात. निसर्गात प्रमाण निम्मे-निम्मे असते हे खरे, पण ते हजारांच्या संख्येत दिसते. दहा पिल्लांत बरोबर पाच-पाच निघण्याची शक्यता जेमतेम चारात एक असते, आणि एका बाजूला सात किंवा त्याहून जास्त जाण्याची शक्यता तिनात एक. पाच तरी माद्या हव्यात अशी बऱ्यापैकी खात्री पाहिजे असेल तर दहा पिल्ले अपुरी पडतात. चौदा घेतली तर ती शक्यता नव्वद टक्क्यांवर जाते. त्यातही हा हिशेब सगळी पिल्ले जगली असे धरून केलेला आहे, आणि टर्कीची पिल्ले पहिल्या दोन आठवड्यांत किती हट्टीपणे उपाशी राहतात हे पाळणाऱ्यालाच ठाऊक असते. समोर दाणा-पाणी असूनही ती तोंड लावत नाहीत. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकाव्या लागतात, दाण्यावर हिरवा पाला बारीक चिरून पसरावा लागतो, उकडलेले अंडे कुस्करून द्यावे लागते. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्यही त्यांना पुरत नाही, सुरुवातीला सुमारे अठ्ठावीस टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते. तेव्हा हव्या तेवढ्या माद्या मिळवायच्या तर पिल्ले जास्त घ्यावी लागणार, आणि जास्त घेतली की नकोसे नरही जास्त येणार. ते कोणाला आणि कधी द्यायचे याचा विचार पिल्ले आणण्याआधी झालेला हवा.

आता ओळखायचे कसे? सगळ्यात जास्त फसवणूक पिसारा पाहून होते. चारच दिवसांचे पिल्लू शेपूट पसरून ऐटीत उभे राहिले की घरचे लोक त्याला नर ठरवून मोकळे होतात. पण लहानपणी दोन्ही लिंगांची पिल्ले शेपूट पसरतात, आणि प्रौढ मादीसुद्धा भांडताना फुलते. मी पाहते ते चोचीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या मांसल तुकड्याकडे. मादीत तो आखूडच राहतो, नरात महिन्यागणिक वाढत जाऊन चोचीवरून खाली लोंबतो आणि माजाच्या वेळी लालबुंद होतो. टर्की हिंदुस्थानात आली तेव्हा पाहणाऱ्यांची नजरही आधी तिथेच गेली होती. मुघल सरदार मुकर्रबखानाने 1612 मध्ये गोव्याहून जे पशुपक्षी जहांगीराकडे नेले त्यांत टर्कीचा नर होता. त्याच्या मानेचे क्षणोक्षणी बदलणारे रंग आणि माजावर आल्यावर डोक्यावरचा मांसल भाग हत्तीच्या सोंडेसारखा लोंबणे, हे बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेले त्या टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चार शतकांपूर्वीची ती नोंद आजही परसात उपयोगी पडते, कारण निरीक्षण अचूक आहे. त्याच्या जोडीला आवाज ऐकावा. घशातून गडगडणारी ती ओळखीची आरोळी नरच देतो, मादी तुटक, बारीक आवाज काढते. पाय नराचे जाड असतात आणि मागे आरीचे टेंगूळ येऊ लागते. मादीच्या डोक्यावर आणि मानेच्या मागच्या बाजूला बारीक पिसे टिकून राहतात, नराचे डोके उघडे पडत जाते. काशाच्या रंगाच्या जातीत छातीच्या पिसांची टोके नरात काळी आणि मादीत फिकट असतात. पांढऱ्या बेल्ट्सविल जातीत मात्र या खुणेचा काहीच उपयोग नाही. छातीवर लोंबणारी केसांसारखी दाढी ही खूण सगळे सांगतात, पण ती उशिरा दिसते आणि काही माद्यांनाही येते. म्हणून एका खुणेवर निर्णय नको. किमान दोन-तीन खुणा जुळल्या की पायात कडी घालावी. नर-मादीसाठी वेगळ्या रंगांच्या कड्या ठेवल्या की पुढे घोळ होत नाही.

यावर कोणी म्हणेल की अंडी उबवणी केंद्रात एका दिवसाच्या पिल्लांचे लिंग ओळखणारे लोक असतात, मग चार महिने थांबायचे कशाला? पिल्लाची विष्ठाद्वारातली खूण पाहून लिंग सांगणे हे खरे कौशल्य आहे आणि मोठ्या व्यवसायात ते लागतेच. पण ते वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. चित्रफीत पाहून घरच्या घरी पिल्लू दाबून पाहणे मला अजिबात मान्य नाही, त्यात पिल्लाच्या पोटाला इजा होते. शिवाय परसातल्यांना मिळणारी पिल्ले बहुधा मिसळलेलीच असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जादा नर वाया कुठे जातात, नाताळात त्यांना चांगली किंमत येते, असे लोक म्हणतात. गोवा आणि वसईकडे राहणाऱ्यांच्या बाबतीत ते खरे आहे आणि त्यांनी नर जरूर वाढवावेत. पण मांसासाठी नर वाढवणे आणि कळप वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांचे खाद्य आणि मुदती वेगळ्या. शिवाय मांसासाठी घडवलेल्या रुंद छातीच्या जातींचे नर इतके जड होतात की त्यांना नैसर्गिक समागम जमत नाही, त्यांची पैदास कृत्रिम रेतनानेच होते. ज्यांना आपल्याच परसात अंडी उबवायची आहेत त्यांनी हलकी जात घ्यावी. बेल्ट्सविल चालेल, किंवा तमिळनाडूत गावरान काळ्या टर्कीच्या संकरातून तयार झालेली नंदनम टर्की.

उबवणीचा विषय निघाला की आपल्याकडचा जुना उपाय पुढे येतो. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली टर्कीची अंडी रवणीला लावायची. कोंबडी अठ्ठावीस दिवस चिकाटीने बसतेही, एकवीस दिवसांनी उठून जात नाही. पण या सोयीची मला भीती वाटते, आणि त्याला कारण आहे. कोंबडीच्या आतड्यात हेटेराकिस नावाचा बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा त्रास सहसा दिसत नाही, टर्कीचे मात्र यकृत आणि आतडे पोखरले जाते, गंधकासारखी पिवळी विष्ठा होते आणि पक्षी मरतात. ही अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि गांडुळांच्या पोटातूनही पक्ष्यापर्यंत पोहोचतात. कोकणातल्या पावसाळ्यात, गांडुळे वर आलेल्या ओल्या परसात काय होत असेल याचा विचार करावा. ‘आमच्याकडे दोन्ही एकत्र फिरतात, काही होत नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांच्या जमिनीत अजून तो परजीवी आलेला नसतो इतकेच, आणि कळप वाढला की तो येण्याची वाट रुंद होते. औषधावर विसंबावे अशी स्थितीही नाही. अमेरिकेत यावरचे शेवटचे मान्यताप्राप्त औषध 2015 च्या अखेरीस मागे घेतले गेले. म्हणून अंडी यंत्रात किंवा टर्कीच्याच मादीखाली उबवावीत, आणि कोंबड्या ज्या जमिनीवर फिरल्या तिथे टर्की सोडू नये. एवढी वेगळी जागा ज्याच्याकडे नाही त्याने टर्की वाढवू नये, हे मी स्पष्टच सांगते.

बाहेरून आणलेल्या पक्ष्यांनाही हेच लागू आहे. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळा ठेवावा, त्याचे भांडे आणि आपली चप्पलही वेगळी. नवापूरला 2006 मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या शेडबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. आपली चार-दोन पाखरे कोणाच्या खिजगणतीत नाहीत असे समजणे तेव्हाच चुकीचे ठरले. तरीही एका कामासाठी बाहेरचा पक्षी आणावाच लागतो. घरच्या अंड्यांतून निघालेले नर कितीही देखणे निघाले तरी ते त्याच माद्यांचे भाऊ असतात, आणि त्यांना पैदाशीला ठेवले की दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिल्ले कमजोर निघतात. कड्या घातलेल्या माद्या घरच्या ठेवाव्यात आणि नर दुसऱ्याच्या कळपातून आणावा, शक्यतो दोन, म्हणजे एक दगावला तर हंगाम हातचा जात नाही. ते दोघे एकाच वेळी माद्यांत सोडायचे मात्र नाहीत. एक आत असताना दुसरा जाळीपलीकडे ठेवावा आणि काही दिवसांनी अदलाबदल करावी.