अंगठा जुळेना

क्लोन हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट सोलापूरजवळच्या कुंभारीत आमच्या बांधावर होती. पावसाळा लागला की वडील डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायचे, बोटभर साल गोल सोलायचे, तिथं ओलं शेवाळ लावून वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायचे. महिना-दीड महिन्यानं कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसल्या की गुटी कापायची. नव्या झाडाचा दाणा तोच, रंग तोच. रोग आला की डागही साऱ्या बागेवर सारखेच. यातलं मूळ झाड कोणतं, हे कधी कुणी विचारलं नाही.

ते विचारायला मला विज्ञानकथांनी शिकवलं. जयंत विष्णू नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये माणसाची डावी-उजवी बाजूच उलटी होते. खुद्द त्यांनीही 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना आद्याक्षरं उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं होतं. परीक्षकांनी नाव न ओळखताही कथेला बक्षीस दिलं, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

पुढं फेब्रुवारी 1997 मध्ये स्कॉटलंडच्या डॉली या क्लोन मेंढीची बातमी आली आणि क्लोनच्या रहस्यकथांना ऊत आला. श्रीमंत माणूस मरतो, हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा दारात उभा राहतो, जुन्या आठवणीही घडाघडा सांगतो. खरा कोण? तेव्हा मला वाटायचं, अरे, अंगठा घ्या की! बोटांवरच्या रेषा गर्भातच उमटतात आणि त्या केवळ जनुकांवर ठरत नाहीत. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. क्लोन तिथं हमखास पकडला जाणार.

अंगठ्यावरचा हा विश्वास रेशन दुकानाच्या रांगेत उडाला. 2006 साली कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दहा हजार घरं, एकाच साच्यातली. तिथल्या एक अक्का माझ्यापुढं होत्या. आयुष्यभर पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. अंगठा पुसला, पुन्हा टेकवला, दुसरं बोट लावलं. यंत्र ऐकेना. मागून एकजण ओरडली, “अवो, आमच्या गल्लीतल्या अक्का हायत त्या, कोण वळखत न्हाई त्यांला?” अखेर मोबाइलवर ओटीपी मागवून त्यांचं धान्य सुटलं.

घरी गेल्यावर ह्याच बोटांनी त्या टीव्हीकडं बघत विड्या वळतात. हाताकडं नजरही जात नाही, तरी प्रत्येक विडी मापात. ज्या कामानं त्यांच्या रेषा पुसल्या, तेच काम बोटांना पाठ झालंय. ही आठवण कुठलंही यंत्र तपासत नाही. गल्लीला मात्र ती ठाऊक असते.

कथालेखक माणसाची ओळख पेशीत आणि मेंदूत शोधत बसतात. मला वाटतं, तिचा मोठा हिस्सा आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं ठेवायला दिलेला असतो. म्हणूनच त्या कथांमधला श्रीमंत माणूस नेहमी आडबाजूच्या बंगल्यात एकटा राहतो. त्याचा क्लोन गोदूताई वसाहतीत आणून सोडला, तर उसनी साखर कधी परत करणार, एवढ्या एका प्रश्नावर त्याचं बिंग फुटेल आणि कथा दुसऱ्या पानावरच संपेल.