विमानतळावरचा पुसलेला फोटो

परवा भाचा सुटीसाठी थायलंडला निघाला. नागपूरहून आधी दिल्ली, मग पुढे. दिल्लीचं विमान सुटायच्या आतच त्याचे अकरा फोटो आमच्या धरमपेठच्या घरी येऊन पोचले. सोनेगावच्या विमानतळाच्या दारातला एक, ट्रॉलीवर बसलेला एक, काचेपलीकडच्या विमानाकडे पाठ करून हसणारा एक. आणि पासपोर्टात बोर्डिंग पास खोचून काढलेला, तो तर ठरलेलाच!

आई सध्या आमच्याकडेच असते. चष्मा वर करून तिने सगळे पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा अजून नागपुरातच आहे ना? मग एवढे फोटो कशाचे?"

मला हसू आलं, पण खरं सांगू का, मीही काढते. तुम्हीही काढत असाल. दिल्लीच्या टर्मिनल 3 वर भिंतीतून बाहेर आलेले ते मुद्रांचे मोठाले हात आहेत ना, त्यांच्याखाली उभं राहून फोटो न काढलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. सहलीतले खरे आनंदी फोटो विमानतळावरचेच असतात असं माझं मत आहे. कपड्यांची इस्त्री मोडलेली नसते, पैसे खर्च झालेले नसतात, पाय दुखत नसतात आणि नवराबायकोचं पहिलं भांडण व्हायला अजून निदान चार तास अवकाश असतो...

पण विमानतळ म्हटलं की मला आठवतो तो माझ्याकडे नसलेला एक फोटो.

2009 सालची गोष्ट. आईबाबांना घेऊन आम्ही केरळला निघालो होतो. बाबांचा हा पहिला विमानप्रवास. वाटेत विमान बदलायचं होतं, हाताशी दोन तास होते. बाबा मोठ्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले, कपाळ काचेला टेकलेलं. खाली एका विमानाच्या पोटातून सामान काढत होते आणि बाबा ते टक लावून बघत होते. मी नवा डिजिटल कॅमेरा काढला आणि फोटो घेतला. काय सुंदर आला होता! काचेत त्यांचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावरच विमान.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, यहाँ फोटो मना है. डिलीट कीजिए."

सुरक्षारक्षक होता, वयाने अगदी लहान. मी वाद घातला. म्हटलं, वडिलांचा फोटो आहे, विमानाचा नाही. तो म्हणाला, विमान दिसतंय ना. शेवटी त्याच्यादेखत पुसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं.

मला वाटलं बाबा माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. आम्हालाही नव्हती परवानगी."

"आम्हाला म्हणजे?"

मग खुर्चीवर बसून बाबांनी जे सांगितलं, ते मी तोवर तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं, सलग कधीच नाही. बाबा टपाल खात्यात होते. लग्नाआधी काही वर्षं त्यांची रात्रपाळी सोनेगावला असायची. रात्रीच्या विमान टपालाची. आजच्या मुलांना हे माहीत असायचं कारण नाही. 1949 साली ही सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपुरात उतरायची. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून. इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची, उतारूही विमान बदलायचे आणि पहाटेपर्यंत विमानं परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! 1973 मध्ये ही सेवा बंद झाली.

"चारही विमानं रांगेत उभी असायची," बाबा सांगत होते. "थंडीत हात आखडायचे. पोतं मोजायचं, शिक्का बघायचा, सही घ्यायची. एक पोतं चुकलं की मद्रासची पत्रं दिल्लीला. सकाळी सायकलने धरमपेठेत यायचो तेव्हा दूधवाला दारात असायचा."

"आणि फोटो?"

"फोटो कसला? एकाने एकदा कुणाचा तरी कॅमेरा आणला होता. साहेबांनी रोल काढून उजेडात धरला. संपलं."

मी नंतर हा नियम शोधला. 1937 च्या विमान नियमांतला तेरावा. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. नियम इंग्रजांच्या काळातला खरा, पण कारण अगदीच जुनाट नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, आपल्या सोनेगावलाही हवाई दल आहेच. डिसेंबर 2004 मध्ये प्रवाशांना विमानात फोटो काढायची मोकळीक मिळाली. सप्टेंबर 2020 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पुन्हा डोळे वटारले आणि लगेच खुलासाही केला, की सुरक्षेला धोका नसेल तर प्रवाशांनी फोटो काढायला हरकत नाही. मे 2025 मध्ये मात्र लष्करी तळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, 10,000 फुटांखाली असताना खिडक्यांचे पडदे बंद ठेवायचा आदेश निघाला होता. म्हणजे काळ बघून दोरी सैल होते नि ताणली जाते. म्हणून आता मी आधी विचारते. तपासणीच्या जागी आणि गणवेशातल्या माणसांवर कॅमेरा रोखत नाही. बाकी ठिकाणी बहुतेक जण "हो" म्हणतात.

त्या दिवशीही तसंच झालं. बाबा बोलत होते तेव्हा तो रक्षक पुन्हा आमच्याजवळून गेला. मीच त्याला विचारलं. तो जरा ओशाळला, म्हणाला, "दीवार की तरफ से ले लीजिए." मी घेतला. बाबा खुर्चीत, मागे पिवळट भिंत, हात हवेत, कारण ते पोतं किती मोठं असायचं ते दाखवत होते. बघणाऱ्याला तो कुठल्याही दवाखान्यात काढलेला वाटेल. बाबा 2018 मध्ये गेले, तेव्हा मोठा करायला मी हाच फोटो दिला. काचेतला तो दुसरा फोटो असता तर हा दिला नसता, हेही कबूल करते. त्याची हळहळ अजून आहे. रक्षकाचं बरोबर होतं, बाबांचंही बरोबर होतं, तरी आहे.

तर परवा भाच्याला उत्तर लिहिलं. एक, फोटो छान. दोन, बोर्डिंग पासचा फोटो कुठे टाकला असशील तर काढून टाक, त्यावरच्या नंबरावरून कुणीही तुझं तिकीट उघडून बघू शकतं. तीन, तू जिथे उभा आहेस त्या सोनेगावात तुझे आजोबा रात्रभर पोती मोजायचे. चार विमानं असायची, चार दिशांची.

दिल्लीला उतरल्यावर त्याचं उत्तर आलं.

"काय सांगतेस, आत्या! फोटो आहे का?"

नाही रे. म्हणून तर हे लिहिलं.